पिक्चर मला आवडला म्हणून सासरे रुसलेत

या वेळचं पत्र नाशिकच्या जेलरोडवरून आलंय. लांबलचक होतं, थोडं कापलंय, आणि कादंबरीचं नि पिक्चरचं नाव मी मुद्दामच काढून टाकलंय, म्हणजे शेवटाबद्दल मोकळेपणाने बोलता येईल.

"ताई नमस्कार. लग्नाला दोन वर्षं झाली. सासरे प्रेसमधून रिटायर झालेत, बोलणं एकदम कमी. पहिले दोन महिने आमच्यात 'बाबा, चहा ठेवू का' आणि 'ठेव' एवढंच व्हायचं. मग एकदा कपाट आवरताना त्यांची एक जुनी कादंबरी सापडली, खाकी कव्हर घातलेली, आत पेन्सिलच्या खुणा, आणि ती नेमकी माझी दहावीपासूनची लाडकी कादंबरी निघाली. तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलंच. संध्याकाळी गॅलरीत चहा घेताना आम्ही त्यातलीच वाक्यं एकमेकांना टाकतो, समोरच्या बिल्डिंगच्या चेअरमनला त्यातल्याच एका माणसाचं नाव ठेवलंय, सासूबाईंना आणि ह्यांना काही कळत नाही आम्ही का हसतो ते.

पिक्चर येतोय कळल्यावर पहिल्या शनिवारची दोन तिकिटं मीच काढली, सिटी सेंटर मॉलला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. इंटरव्हलपर्यंत त्यांचं च्च च्च चालू होतं, नंतर तेही बंद झालं. पुस्तकात शेवटी बाप घर सोडून जातो आणि पुढे त्याचं काय झालं ते कळतच नाही. पिक्चरमध्ये तो परत येतो, दारात उभा राहतो, मुलगी दार उघडते. मी हुंदके देऊन रडले. (माझे वडील मी दहावीत असताना गेले, अशा सीनला मला रडू येतंच.) येताना द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली तेव्हा मी म्हटलं, 'बाबा, शेवट पुस्तकापेक्षा भारी केलाय ना?' ते बाहेर बघत म्हणाले, 'मग तू पुस्तक वाचलंच नाहीस.' घरी आल्यावर मी स्टेटस ठेवलं, पाच स्टार, पुस्तकापेक्षा भारी. ते त्यांनी बघितलं. आता तीन आठवडे झाले, ते चहा आत हॉलमध्ये घेतात. पुस्तक कपाटात वरच्या कप्प्यात गेलं. हे हसतात, म्हणतात एका पिक्चरवरून काय! दिवाळीला नणंद येणारे, तिला सगळ्यांनी मिळून तोच पिक्चर टीव्हीवर बघायचाय. मी काय करू? माफी मागू का? पिक्चर नाही आवडला असं खोटं सांगू का?"

अगं सूनबाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. खोटं अजिबात सांगू नकोस. ज्या माणसाचं सगळं आयुष्य नोटा नि स्टॅम्प पेपर छापणाऱ्या प्रेसमध्ये गेलंय त्याच्यासमोर तू खोटी नोट चालवायला निघालीस, दोन मिनिटांत धरतील. आणि समजा नाही धरलं, तर अजूनच वाईट, कारण मग पुढची वीस वर्षं तुला त्या पिक्चरला नावं ठेवत बसावं लागेल, गॅलरीतल्या चहाला काही अर्थच राहायचा नाही.

आता तुझ्या नवऱ्याचं. 'एका पिक्चरवरून काय' हे तोच माणूस म्हणतो ज्याला कुठल्या पुस्तकाने कधी झोपेतून उठवलेलं नाही. वाईट माणूस आहे असं नाही, माझ्याही घरात असा एक आहे, पण या बाबतीत त्याचा सल्ला घेऊ नकोस.

पिक्चर पुस्तकासारखा का नसतो हे बाबांनाही माहीत असणार, तरी सांगते, कारण रागावलेल्या माणसाला माहीत असलेल्या गोष्टीच आधी विसरायला होतात. एक पान मोठ्याने वाचायला दीड-दोन मिनिटं धर. तीनशे पानांची कादंबरी म्हणजे आठ-दहा तास झाले, आणि पिक्चर अडीच तासांचा, त्यात गाणी, त्यात इंटरव्हल. म्हणजे कापाकापी होणारच, प्रश्न एवढाच की कात्री कुणाच्या हातात आहे. 'सिंहासन' घे, १९७९चा. अरुण साधूंच्या एक नाही दोन कादंबऱ्या, 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक', तेंडुलकरांनी त्यातून एक पटकथा काढली आणि जब्बार पटेलांनी पिक्चर केला. दोन पुस्तकांचा एक पिक्चर! किती पानं गेली असतील विचार कर. पण शेवटी निळू फुलेंचा पत्रकार दिगू वेड्यासारखा हसत सुटतो ना, तिथे काहीही गोड करून दिलेलं नाही, कुणाला घरी आणून सोडलेलं नाही, आणि तरी लोक आजही तो पिक्चर काढून बघतात. म्हणून 'पिक्चरमध्ये शेवट गोडच करावा लागतो' असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. खरं सांगू का, तू जेवढं लिहिलंस तेवढ्यावरून मी शेवटाच्या बाबतीत थोडी बाबांच्या बाजूची आहे. गेलेल्या बापाला दारात आणून उभा करणं सोपं असतं. पण याच्याबद्दल पुढे बोलते, कारण तू रडलीस तेही काही खोटं नव्हतं.

आणि हो, पिक्चरवाले नुसतं कापत नाहीत, घालतातही. याला तर तुमच्याच रस्त्यावरचं उदाहरण आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या जेलमध्ये लिहिली, १९३३च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत, म्हणजे ज्या जेलमुळे तुमच्या रस्त्याला जेलरोड म्हणतात तिथेच. गुरुजी गेले १९५०ला, आणि अत्र्यांचा पिक्चर आला १९५३ला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पहिलंवहिलं. 'छडी लागे छमछम' हे गाणं त्या पिक्चरचं, अत्र्यांनी लिहिलेलं, वसंत देसाईंचं संगीत. 'भरजरी गं पितांबर' पण त्यातलंच. आज कुणाला विचार, पुस्तकातल्या बेचाळीस रात्रींपैकी किती आठवतात, आणि छडी लागे कितींना पाठ आहे. माझ्या आईला शेवटपर्यंत वाटायचं की ते गाणं पुस्तकातच आहे. गुरुजींना ते आवडलं असतं का, कोण सांगणार. 'दुनियादारी'चं तसंच, सुहास शिरवळकर गेले २००३ला नि पिक्चर आला २०१३ला, आमच्या कट्ट्यावर त्यावरून दोन पार्ट्या पडल्या होत्या, ज्यांनी पुस्तक कॉलेजात वाचलं ते एका बाजूला आणि ज्यांनी पिक्चर बघून मग पुस्तक आणलं ते दुसऱ्या, आणि ज्याला विचारायचं तो माणूसच नाही.

ज्यांना विचारता आलं ते तरी कुठे खूश होते म्हणा. आर. के. नारायण यांनी आपल्याच कादंबरीवरच्या 'गाइड' पिक्चरवरून चक्क एक चिडका लेख लिहिला, त्यांचं दक्षिणेतलं छोटंसं मालगुडी पिक्चरवाल्यांनी उचलून राजस्थानात नेलं होतं. तो पिक्चर अख्ख्या देशाने डोक्यावर घेतला, आणि लिहिणारा एकटा एका कोपऱ्यात नाराज. बाबांची सोबत काही वाईट नाही, एवढंच सांगते.

आता माझं ऐक. २०१२च्या जानेवारीत 'शाळा' लागला तेव्हा मी माझ्या मैत्रिणीबरोबर गेले होते. बोकिलांचं ते पुस्तक आम्ही दोघींनी एकाच कॉपीवर वाचलेलं, सावानाची, म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयाची कॉपी, एकीने वाचून दुसरीकडे द्यायची आणि तारीख उलटली की दंड निम्मा निम्मा. थिएटरमध्ये ती माझ्या डाव्या बाजूला, आणि दर दहा मिनिटांनी कोपर. हे नव्हतं. हे असं नव्हतं. हे आधी होतं. मला रडायचं होतं तिथे तिचं कोपर, हसायचं होतं तिथे कोपर. बाहेर पडल्यावर आम्ही गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जाऊन बसलो, भेळ घेतली, आणि ती एकदम त्यातल्या नायिकेबद्दल म्हणाली, "माझ्या शिरोडकरच्या नाकावर तीळ होता." मी म्हटलं कुठे लिहिलंय? म्हणे लिहिलंय. दुसऱ्या दिवशी पुस्तक आणून उलटंपालटं केलं, दोघींनी मिळून, आम्हाला काही तीळ सापडला नाही. तो तिनेच ठेवला होता, आठ वर्षांपूर्वी, पहिल्यांदा वाचताना, आणि तिला पत्ताही नव्हता. नंतर कितीतरी दिवसांनी कळलं की तिच्या शाळेतल्या एका मुलीच्या नाकावर होता. आणि आता तिने डोळे मिटले की तिला पडद्यावरचीच शिरोडकर दिसते, तीळवाली गेली ती गेलीच. ती पिक्चरवर चिडली नव्हती गं, तिचं काहीतरी हरवलं होतं आणि ते कुणाकडे मागायचं ते तिला कळत नव्हतं, म्हणून कोपर.

(एक आपलं सहज. फाळक्यांनी १९१७ला 'लंका दहन' केला त्यात राम आणि सीता दोन्ही एकाच माणसाने केले होते, साळुंके नावाचे नट. तेव्हा घराघरात प्रत्येकाच्या मनात स्वतःचा राम नि स्वतःची सीता असणार, आणि समोर एकच गडी दोन्ही! तरी लोकांनी गर्दी केली. तेव्हाचे लोक जास्त मोठ्या मनाचे होते की पिक्चर हीच इतकी नवलाई होती की चेहरा कुणाचा हे बघायला वेळच नव्हता, मला ठरवता येत नाही.)

तर बाबांचं काय हरवलं? पिक्चरने त्यांचा बाप बदलला, ते आहेच. पण मला वाटतं ते त्यांनी पचवलं असतं. च्च च्च करत का होईना, इंटरव्हलला ते बसूनच होते ना. त्यांना लागलं ते द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये. असं बघ, ती कादंबरी त्यांच्याकडे किती वर्षं आहे? खाकी कव्हर, पेन्सिलच्या खुणा. घरात बायको वाचत नाही, मुलगा वाचत नाही, प्रेसमध्ये शिफ्ट, कुणाशी बोलणार? इतकी वर्षं तो माणूस त्या पुस्तकात एकटाच राहत होता, आणि एक दिवस नवी सून आली आणि तिने दार उघडलं, ती पण तिथलीच निघाली. दोन वर्षं काय मजा आली असेल त्यांना. मग ते इस्त्रीचा शर्ट घालून तुझ्याबरोबर पिक्चरला गेले, मनात हेच असणार की हा काहीही करू दे, आम्ही दोघं येताना रिक्षात त्याची यथेच्छ टर उडवू. अडीच तास त्यांनी ते साठवलं असेल. आणि रिक्षात तू म्हणालीस, पुस्तकापेक्षा भारी. संपलं. पुन्हा एकटे. त्यात घरी येऊन ते स्टेटस, म्हणजे आत्तापर्यंत दोघांतलं होतं ते तुझ्या मावसभावांपासून कॉलेजच्या ग्रुपपर्यंत सगळ्यांना कळवलंस.

पण एक आहे. 'तू पुस्तक वाचलंच नाहीस' हे त्यांनी म्हणायला नको होतं. वाचणाऱ्या माणसाला याच्याइतकं लागणारं दुसरं वाक्य नाही. वयाने मोठे आहेत, सासरे आहेत, तरी चूक ती चूक, आणि ते त्यांनाही कळलेलं आहे, नाहीतर चहा हॉलमध्ये कशाला नेला असता. ज्याला आपलंच बरोबर वाटतं तो गॅलरी सोडत नाही.

आता तुझ्या पत्रातलं एक. मी ते तीन वेळा वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. 'दहावी' हा शब्द त्यात दोनदा आलाय. कादंबरी दहावीपासून लाडकी, आणि वडील गेले तेव्हा तू दहावीत. एक तू पहिल्या चार ओळींत लिहिलंस, दुसरं कंसात टाकून पुढे पळालीस. म्हणजे ज्या वर्षी तुझे वडील गेले त्याच वर्षी तू एक कादंबरी वाचलीस ज्यात बाप घर सोडून जातो आणि पुढे काय होतं ते कुणीच सांगत नाही. तुला ती आवडायला काय लागलं असेल हे मी तुला सांगायची गरज नाही. आणि इतक्या वर्षांनी पडद्यावर तो माणूस दारात येऊन उभा राहतो. तू रडणार नाहीस तर कोण रडणार? तू काही दोन शेवटांना मार्क देत नव्हतीस. तुला तो माणूस घरी यायला हवा होता, इतकंच. पण तोंडातून बाहेर आलं ते 'भारी केलाय ना', म्हणजे परीक्षकाचं वाक्य, आणि बाबांनी उत्तरही परीक्षकासारखंच दिलं. त्यांना हे दहावीचं माहीत आहे का? वडील गेलेत एवढं माहीत असणारच, पण कधी, आणि त्याच वर्षी हे पुस्तक, हे? मला नाही वाटत तू सांगितलं असशील. वाक्यं फेकण्यात असल्या गोष्टी राहून जातात.

तर काय कर. माफी पिक्चर आवडल्याची मागू नकोस, ती मागण्यासारखी गोष्टच नाही. स्टेटसची माग, एका वाक्यात, 'बाबा, ते स्टेटस टाकायला नको होतं' एवढंच, त्याच्यापुढे 'पण' लावू नकोस. आणि ही माफी चहा हातात देताना माग, उभ्याने, समोर बसून मागितलीस तर ते अवघडतील आणि टीव्हीचा आवाज वाढवतील.

मग दोन दिवस जाऊ दे. आणि मग पुस्तक माग. तू स्वतः वरच्या कप्प्यातून काढू नकोस, त्यांनी ठेवलंय, त्यांनीच काढायला हवं. म्हण, बाबा, शेवटचं पान वाचून दाखवता का. वाचायला दे नाही म्हणायचं, वाचून दाखवा म्हणायचं. त्या पिढीच्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगितलं की तो नाही म्हणत नाही, चष्मा शोधायला लागतो. आणि ते वाचताना तू त्यांच्या पेन्सिलच्या खुणा बघ. शेवटच्या पानावर खूण आहे का, कुठल्या ओळीवर आहे, ते तुला आत्ता आठवतंय का? बघ आठवून. तिथे बोट ठेवून विचार, हे का अधोरेखित केलंत. तू तुझ्या दहावीत त्या पानापाशी थांबली होतीस, ते कुठल्या वर्षी थांबले होते तुला ठाऊक नाही. कदाचित सांगतील, कदाचित 'असंच' म्हणतील. 'असंच' म्हणाले तरी बस तिथेच, चहा गार होऊ दे. मग तुझं सांग, तेही कंसात नाही. वर्ष सांग, वडिलांचं सांग, आणि सांग की पुस्तकाचा शेवट खरा आहे हे मला माहीत आहे बाबा, पण त्या दिवशी मला दोन मिनिटं तो खोटा झालेला बघायचा होता. यात तू पुस्तकाशीही बेइमानी करत नाहीस आणि पिक्चरशीही नाही.

लगेच सगळं पहिल्यासारखं होईल असं मी म्हणत नाही. आठवडाभर अजून चहा हॉलमध्येच जाईल, माणूस हट्टी दिसतोय. ज्या दिवशी ते चेअरमनला त्या नावाने हाक मारतील त्या दिवशी समज मिटलं.

राहिली नणंद. तिला आधीच फोन करून सांग की तो पिक्चर लावायचा नाही. कारण सांगायची गरज नाही, म्हण आम्ही बघितलाय, दुसरा लावू, ज्यात मारामारी आहे, सगळे बघतील. दिवाळीत पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये, एका हातात चकली नि मध्येच कुणीतरी 'अरे हा तो सिरियलमधला ना' करतंय, अशात तो दाराचा सीन येणं हे तुम्हा दोघांनाही सोसायचं नाही. आणि नणंदबाई अगदीच हट्टाला पेटल्या तर लावू दे त्यांना, तू नि बाबा दोन कप घेऊन गॅलरीत जा. आत रडारड चालू झाली की चेअरमनकडे बघा.

आणि एक राहिलं. पत्रातून नाव काढलं खरं, पण मी ती कादंबरी वाचलेलीच नव्हती. तुझं पत्र वाचून दुसऱ्या दिवशीच सावानातून आणली, सत्तर पानं झालीत, मस्त चाललीय, रात्री दिवा बंद करवत नाही. फक्त शेवट तू पत्रात आधीच फोडून ठेवलास, तोही दोन्ही. बाबांना हे कळलं तर त्यांना माझ्याबद्दल बरंच वाईट वाटेल, सांगून बघ.